मंडळीचं सेवाकार्य वर्षभर चालवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचं सार मला असं कळलं: साठ-सत्तर कुटुंबांची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, आहे, नाताळात गरजूंना वाटप होतं, पण आता वर्षभर टिकेल असं काम उभं करायचं आहे. सुरुवात कशी करावी, आणि मदत मंडळीतल्यांनाच करावी की बाहेरच्यांनाही?

मी आमच्या मंडळीच्या सेवा समितीत अकरा वर्षं आहे. पहिली दोन वर्षं आमचं चुकलं, म्हणून तिथूनच सांगते.

नाताळच्या आदल्या रविवारी उपासना संपली की हॉलमध्ये वाटप असायचं. पुढे टेबल, टेबलामागे आम्ही, समोर रांग. ज्यांना रांगेत उभं राहता येत होतं त्यांना मिळालं, काहींना दोनदाही मिळालं. चर्चच्या मागच्याच गल्लीत एक आजोबा अंथरुणाला खिळून होते, त्यांच्या दारात कुणीच गेलं नाही. शिवाय फोटो काढले. एक मुलगी सारखी आईच्या मागे तोंड लपवत होती. तिच्याच वर्गातला मुलगा पिशव्या देणाऱ्यांत उभा होता, हे तिच्या आईनं मला पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्या दोघी आल्या नाहीत. गरज होती, तरी आल्या नाहीत. ती गोष्ट मला आजही लागते.

आमच्या मनात प्रेम होतं, व्यवस्था नव्हती. आणि व्यवस्था हा प्रेमाचाच भाग आहे, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

खरं तर हे पहिल्या मंडळीलाही शिकावंच लागलं होतं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा एकदा वाचा, पण यावेळी समितीची बैठक समजून वाचा. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, आणि त्यावरून कुरकूर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ती कुरकूर दाबली नाही. सगळ्या मंडळीला बोलावून चांगल्या नावाची सात माणसं निवडायला सांगितली. आता त्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांच्या विधवा मागे राहत होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलं गेलं. मला हा सबंध अध्यायातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. तुमच्या समितीतही ज्यांनी अडचण सोसली आहे अशी एक-दोन माणसं पहिल्या दिवसापासून घ्या. कुठल्या घरी काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे त्यांना आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट फ्रान्समधली. 1617 साली शातियों गावात व्हिन्सेंट द पॉल नावाचे धर्मगुरू होते. एका रविवारी त्यांना कळलं की एका घरातली सगळीच माणसं आजारी पडली आहेत. त्यांनी उपदेशात ते सांगितलं, आणि दुपारी गावातली माणसं झुंडीनं त्या घराकडे निघाली. एवढं अन्न गेलं की त्यातलं बरंचसं वाया जाणार, आणि पुढच्या आठवड्यात मात्र त्या घरी काहीच नसणार. व्हिन्सेंटना लोकांच्या दयेत काही कमी दिसलं नाही, कमी होती ती आखणीची. काही दिवसांतच त्यांनी गावातल्या स्त्रियांचा एक गट उभा केला आणि प्रत्येकीला पाळी लावून दिली. त्या गटाच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती मी आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: भेटींची सुरुवात अशा आजाऱ्यापासून करायची ज्याच्यापाशी कुणीतरी आहे, आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जायचं, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येतं.

तेव्हा काय वाटायचं हे ठरवण्याआधी महिनाभर नुसतं विचारत फिरा. शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सबाई, वस्तीत आधीपासून काम करणाऱ्या संस्था यांना बरंच माहीत असतं. आम्ही असं विचारलं तेव्हा कपडे कुणीच मागितले नाहीत. सरकारी अर्ज भरून द्यायला कुणीतरी हवं होतं, मुलांना संध्याकाळी अभ्यासाला शांत जागा हवी होती, आणि म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात सोबत हवी होती. जागा तर आपल्याकडे होतीच, हॉल आठवड्यातले पाच दिवस बंद असायचा. निवृत्त कारकून आणि शिक्षकही मंडळीत होते, आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

यातलं एकच काम घ्या, आणि ते ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, न चुकता करा. पाऊस असो, सण असो, आलेलं माणूस एकच असो. अडचणीतल्या माणसाला दिलेल्या शब्दांचा फार वाईट अनुभव असतो. आमच्या अर्ज भरण्याच्या टेबलाशी पहिले पाच आठवडे जेमतेम दोन-तीन जण आले. सहाव्या आठवड्यापासून लोक एकमेकांना घेऊन येऊ लागले.

पैशाबद्दल एवढंच सांगते. सेवेचा निधी मंडळीच्या बाकीच्या अर्पणापासून वेगळा ठेवा, दोघांनी मिळून मोजा, दोघांच्या सह्या घ्या, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब मंडळीपुढे ठेवा. त्यात आकडे असावेत, मदत घेणाऱ्यांची नावं नसावीत. यात कुणावर अविश्वास नाही. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल वर्गणी न्यायला आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी नेमलेला बंधू पाठवतो, आणि कारणही सांगतो: या दानावरून कुणी आपल्याला दोष लावू नये. पौलाला जर साक्षीदार लागत असतील, तर आपल्या खजिनदारांनाही लागतील.

घरभेटीला नेहमी दोघांनी जायचं. कुणीही मोठं माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहणार नाही, मग ती व्यक्ती कितीही जुनी आणि विश्वासाची असो. हा नियम पहिल्या दिवशीच करा. नंतर केला की तो कुणाकडे तरी बोट दाखवल्यासारखा वाटतो. फोटो अजिबात नकोत.

आता आतले की बाहेरचे? इसवी सन 252 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत कार्थेजमध्ये भयंकर साथ पसरली होती. लोक आपल्या माणसांनाही टाकून पळत होते. बिशप सिप्रियान यांनी मंडळीला गोळा करून सांगितलं की फक्त आपल्या लोकांवर दया करण्यात विशेष काही नाही. मग ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे कामं वाटली गेली, आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी अंगमेहनत दिली. ही मदत ख्रिस्ती नसलेल्यांपर्यंतही पोचली. माझं मत विचाराल तर दारात आलेल्याला धर्म विचारूच नका. मंडळीतली गरजू माणसं मात्र सहसा स्वतःहून दारात येत नाहीत. ओळखीच्यांपुढे हात पसरणं जास्त कठीण असतं. त्यांच्याकडे पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, किंवा एखाद्या वडीलधाऱ्या बाईंनी गुपचूप जावं लागतं.

मदतीला प्रार्थनेची अट कधीही घालू नका. कुणी आपणहून म्हणालं, 'माझ्यासाठी प्रार्थना करा', तर तिथेच बसा आणि मनापासून करा. आमच्या टेबलाशी असं बऱ्याचदा घडतं, आणि ते मागितलेलं असतं म्हणूनच मला मोलाचं वाटतं.

हे सगळं पाळकांच्या अंगावर टाकू नका. प्रेषितांनीही वाटपाचं काम स्वतःकडे ठेवलं नव्हतं. येत्या रविवारी उपासनेनंतर एक कोरी वही घेऊन दाराशी उभे राहा आणि आठवड्यातले दोन तास कोण देईल ते विचारा. पैसे त्या दिवशी मागू नका. सात नावं मिळाली तर पुष्कळ झाली. चारच मिळाली तरी विचारत फिरण्याचं काम त्याच आठवड्यात सुरू करा.