समान की न्याय्य?

प्रश्न: मी गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. एका मुलीला लांबचं नीट दिसत नाही म्हणून तिला कायम पुढे बसवते, तर बाकीची पोरं म्हणतात, बाई तुम्ही तिची बाजू घेता. कसं समजावू?

उत्तर: बाई, पोरं बोलतायत हे चांगलंच आहे, त्यांना गप्प करू नका. आपल्याकडे आंबे काढायला झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली लांब काठी असते ना, तीच कल्पना वर्गात न्या. फळ्याच्या वर उंचावर एक कागदी आंबा लटकवा आणि सगळ्यांना सारख्याच लांबीची काठी द्या, उंच पोराचा हात पोचेल आणि छोटा टाचा उंचावून उंचावून रडकुंडीला येईल, मग त्याला लांब काठी द्या आणि विचारा, आता कोणाचं काय कमी झालं? उत्तर पोरंच देतील. फक्त त्या मुलीला उदाहरण म्हणून उभी करू नका हं, ती आधीच संकोचलेली असणार. आणि तिच्या घरी सांगून डोळे तपासून घ्या, ते आधी.

अजून एक, न्यायाचाच विषय निघालाय म्हणून सांगते, एकाने दंगा केला म्हणून अख्ख्या वर्गाला उभं करत असाल तर ते बंद करा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहेच, पण त्याहून मला खटकतं ते हे, की काहीच न केलेलं पोर मान खाली घालून उभं असतं आणि ते कधीच विसरत नाही.