पुस्तकातला भटारखाना

ताई, नमस्कार.

खानापूरहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, कॉमर्सला. हॉटेलांच्या भटारखान्यातल्या आयुष्यावरची पुस्तकं रात्र रात्र जागून वाचतो, शेफच व्हायचं म्हणतो, पण घरी चहाचं आधणसुद्धा ठेवत नाही. ‘नुसते मनात मांडे खातोय’, असं तुम्ही लिहिलंत.

मग त्याला बेळगावात खरे मांडे होताना दाखवाच. सारण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत पातळ, आणखी पातळ करत नेतात आणि पालथ्या कढईवर अलगद टाकतात. ते बघून त्याचे हात शिवशिवले तर एक गोष्ट कळेल. घरी येऊन त्याला ते लिहून काढावंसं वाटलं तर दुसरी. मला दोन्ही सारख्याच मोलाच्या वाटतात, कारण खाण्यावर जाणतेपणाने लिहिणारी माणसं मराठीत फार थोडी आहेत.

वाचनाला मात्र नावं ठेवू नका. तो ज्या अमेरिकन शेफची, अँथनी बोर्डेनची, पारायणं करतो, त्याचं गाजलेलं पुस्तक २००० साली आलं. त्याआधी पंचवीसेक वर्षं तो स्वयंपाकघरांत राबला होता, आणि सुरुवात झाली ती भांडी घासण्यापासून. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलनेही पॅरिसच्या हॉटेलात हेच काम केलं, मग १९३३ साली त्याचं पुस्तक आलं. दोघेही आधी मोरीवर उभे राहिले होते. हे मुलाच्या वाचनात नक्की आलं असेल, पण अंगाला लागलेलं नाही.

म्हणून परीक्षा संपली की महिनाभर त्याला एखाद्या चालत्या खानावळीत पाठवा. ओळखीच्या मालकाला सांगा, पगार नको, पण लाडही नकोत. सकाळी दहाच्या आत पाच-सात किलो कांदा चिरायचा, तोही एकसारखा. पातळ काप आधी करपतो, जाड कच्चा राहतो. दुपारी एकच्या गर्दीत भट्टीसमोर उभं राहायचं, शेवटी पातेली घासायची. आठ दिवसांनी जाईनासा झाला तर रागावू नका. कॉलेजची फी भरण्याआधी कळलं, हे बरंच झालं.

टिकला, तर रस्ता सरळ आहे. सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थांच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा असते. शाखेची अट नाही, बारावीला इंग्रजी विषय हवा. बंगळुरूला अशी संस्था आहे, गोव्यात पर्वरीलाही आहे. अर्ज वेळेत भरून ठेवा, खानावळीच्या महिन्यासाठी थांबू नका. एक लक्षात घ्या, या पदवीत फक्त स्वयंपाक नसतो. रिसेप्शन, खोल्यांची व्यवस्था, वाढप हेही शिकावं लागतं. त्याला फक्त चूलच हवी असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा फूड प्रोडक्शन ट्रेड आहे, खर्चही पुष्कळ कमी.

‘आचारीच होणार का?’ असं नातेवाईक विचारतात म्हणता. हो म्हणा. आपल्या भागातल्या लग्नात शेकडो पानं वेळेवर उठवणारा आचारी किती हिशेबी असतो, ते त्यांनीही पाहिलेलं आहे.

आणि पहिल्या दिवशी त्याला चप्पल घालून पाठवू नका. पाय झाकणारे बूट द्या. तिथे फरशीवर तेल सांडलेलं असतं.