पेगन लोक २१ जूनचा सर्वांत मोठा दिवस कसा साजरा करतात, आणि ही प्रथा खरोखर पाच हजार वर्षांची आहे का?

प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि मला मुख्यतः दुसऱ्याच भागाविषयी बोलायचे आहे, कारण त्यावरून माझ्या सख्ख्या भावाने माझ्याशी नऊ महिने अबोला धरला होता.

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देते. ज्यांना आपण सरसकट पेगन म्हणतो, म्हणजे युरोपातील ख्रिस्तपूर्व निसर्गपूजक धर्मांवरून प्रेरणा घेणारे आजचे लोक (मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ खेडवळ असा आहे आणि ती शतकानुशतके शिवीच होती), त्यांचा एक ग्रंथ नाही, एक पीठ नाही. विक्का हा विसाव्या शतकातला जादूटोण्याचा पंथ मानणारे वेगळे, प्राचीन केल्टिक पुरोहितांचे नाव घेणारे ड्रुइड वेगळे, उत्तरेकडील जुने देव पूजणारे वेगळे. तरी बहुतेक जण वर्षाचे आठ सण पाळतात : दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र सारखे असतात ते) आणि त्यांच्या अधेमधे येणारे चार. जूनच्या सणाला विक्कावाले लिथा म्हणतात. आदली रात्र जागून काढायची, उगवता सूर्य पाहायचा, पिवळी फुले आणि ओकची पाने मांडायची, शक्य असेल तेथे शेकोटी पेटवायची, पाव आणि मधाचे मद्य वाटून घ्यायचे, एवढे साधारण सगळीकडे दिसते. काही गटांत ओकराजा आणि हॉलीराजा (हॉली हे काटेरी पानांचे सदाहरित झाड) यांची लुटुपुटूची लढाई होते व दिवस लहान होऊ लागणार म्हणून ओकराजा हरतो. याहून बारीक विधी हवा असेल तर एखाद्या ड्रुइडालाच विचारावे. मी ड्रुइड नाही, फक्त त्यांची शेजारीण आहे.

मी गेली चौदा वर्षे इंग्लंडमधील सॉल्सबरी गावात राहते. स्टोनहेंज, म्हणजे प्रचंड उभ्या दगडांचे प्रागैतिहासिक वर्तुळ, येथून साधारण चौदा किलोमीटरवर आहे. आमच्या शेजारच्या बाई निवृत्त परिचारिका आहेत. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला म्हणून साऱ्या गल्लीला धारेवर धरणाऱ्या या बाई ड्रुइड आहेत, हे मला त्यांच्या शेजारी पाच वर्षे काढल्यावर, वाळत घातलेला पांढरा पायघोळ झगा पाहून कळले. कोविडच्या आदल्या जूनमध्ये माझा थोरला भाऊ साताऱ्याहून माझ्याकडे आला होता. दादा निवृत्त अभियंता आहे, आमच्या पेठेतील गणेश मंडळाचा कोषाध्यक्ष आहे आणि स्टोनहेंज हे मुळात शिवमंदिर असल्याचा संदेश त्याने मला तोवर किमान चार वेळा पाठवला होता. बाई म्हणाल्या, भावाला घेऊन या, रात्री आमच्याबरोबर थांबा. मी हो म्हटले.

एरवी स्टोनहेंजचे दगड दोरीपलीकडून पाहावे लागतात, पण या एका रात्री संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत मधोमध उभे राहू देतात. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, गाडी उभी करण्याला मात्र पडतात. दारू नाही, काचेची बाटली नाही, आग नाही, दगडांवर चढणे नाही. हा मोकळेपणाही नवाच आहे. १९७४ पासून तेथे अयनदिनाच्या सुमारास मोफत जत्रा भरत असे. १ जून १९८५ रोजी तिकडे निघालेल्या गाड्यांचा ताफा पोलिसांनी अडवला, मोठी मारहाण झाली, पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली आणि पुढे कित्येक वर्षे त्या दिवशी परिसर बंद राहिला. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे जमण्याच्या हक्काच्या बाजूने निकाल दिला आणि २००० पासून दारे उघडली. मधल्या काळात तारेच्या कुंपणाबाहेरून सूर्योदय पाहिल्याची आठवण बाई त्या रात्री सांगत होत्या. दादाचे लक्ष नव्हते, तो दगड मोजत होता.

पहाटे चारच्या सुमारास ड्रुइडांचे वर्तुळ जमले. चारी दिशांना तोंड करून त्या त्या दिशेला शांती लाभो असे म्हटले गेले, सर्वांनी हात धरले आणि मग ‘अवेन’ हा शब्द तीन वेळा, आ-ऊ-एन असा लांबवत, पोटातून म्हटला. दादाने माझे मनगट इतके घट्ट धरले की मला वाटले त्याला काही होते आहे. ‘‘ॐकार!’’ तो म्हणाला. ‘‘ऐकलेस ना?’’

चार बावन्नला ईशान्येकडे, एकट्या उभ्या असलेल्या हील स्टोन नावाच्या दगडाच्या किंचित डावीकडे सूर्य वर आला. हजारो लोक ओरडले, ढोल वाजू लागले, माझ्याही अंगावर काटा आला. थर्मासमधला चहा वाटता वाटता दादाने बाईंना त्यांच्याच धर्माचे मूळ समजावून सांगायला सुरुवात केली. हे खांब म्हणजे शिवलिंगे, अवेन म्हणजे ॐ, तुमच्याकडचे जे हरवले ते आमच्याकडे वेदकाळापासून अखंड जपले आहे, अशा अर्थाचे ते भाषण होते आणि त्याचे भाषांतर करताना मी शक्य तेवढे मवाळ करत होते.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हे मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपास उभे राहिले आणि ज्यांना इतिहास ड्रुइड म्हणून ओळखतो ते त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी आले, म्हणजे हे आमच्याही पूर्वजांनी बांधलेले नाही. दगडांचा संबंध ड्रुइडांशी जोडला तो सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने आणि अठराव्या शतकात विल्यम स्टुकलीने, दोघेही पुराणवस्तूंचे अभ्यासक. अवेन हा प्रतिभा या अर्थाचा जुना वेल्श शब्द खरा, पण ड्रुइडी विधीत त्याला मानाची जागा मिळाली ती योलो मोर्गानुग या वेल्श पाथरवटामुळे. याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर आपल्या ‘प्राचीन’ कवीमंडळाचा सोहळा केला, आणि त्याची अनेक प्राचीन हस्तलिखिते त्याने स्वतःच लिहिली होती. आठ सणांचे चक्र बसले ते १९५० च्या दशकात, विक्काचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड रॉस निकोल्स यांच्या वर्तुळांत. लिथा हे नाव आठव्या शतकातील बीड या मठवासी लेखकाकडून घेतले आहे, पण त्याने ते जून-जुलै या महिन्यांसाठी दिले होते. सणाला ते चिकटले १९७० च्या दशकात, अमेरिकेत. ‘‘आम्ही हे जुळवले आहे,’’ असे त्या अगदी सरळ म्हणाल्या, ‘‘आणि मला ते पुरते.’’

मग त्यांनी दादाला एक प्रश्न विचारला, तो भोचकपणे नव्हे तर खऱ्या कुतूहलाने. आदल्या दिवशी त्याने त्यांना सांगितले होते की १४ जानेवारीला संक्रांत असते आणि त्या दिवशी सूर्याचे उत्तरायण सुरू होते. बाई म्हणाल्या, सूर्य तर २१-२२ डिसेंबरलाच वळतो, मी दरवर्षी येथे उभी राहून पाहते, मग तुमच्याकडे तो तीन आठवडे उशिरा कसा वळतो?

दादा म्हणाला, आमचे गणित सूक्ष्म आहे. तेथे मी गप्प बसायला हवे होते, पण मी शाळेत गणित शिकवते आणि माझ्याने राहवले नाही. मी सांगितले की संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हाचे सूर्याचे आकाशातले स्थान, ताऱ्यांच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश सरकतो, आपले पंचांग ताऱ्यांच्या हिशेबाने चालते, साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रमण आणि उत्तरायण एकाच दिवशी येत असत आणि तेव्हापासून ती दोन दूर होत गेली. मकर राशीत सूर्य त्या दिवशी शिरतो हे या पद्धतीने बरोबरच आहे, उत्तरायण तेवढे आधीच लागलेले असते. जूनमध्येही तेच : पंचांगातील कर्कसंक्रांत जुलैच्या मध्यावर येते, सूर्य मात्र २१ जूनला वळून गेलेला असतो.

गाडीत बसल्यावर दादा एवढेच म्हणाला, ‘‘परक्या बाईसमोर तू मला खाली पाहायला लावलेस.’’ त्या वर्षी भाऊबीजेलाही फोन आला नाही. अबोला सुटला तो मार्चमध्ये, टाळेबंदी लागल्यावर.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे. एखादा विधी सत्तर वर्षांपूर्वी जुळवला म्हणून खोटा ठरत नाही. सत्तर वर्षांचा विधी पाच हजार वर्षांचा म्हणून खपवला की मात्र तो खोटा होतो, मग खपवणारा पांढऱ्या झग्यात असो की साताऱ्यात मोबाईल घेऊन बसलेला असो. ज्या मंडळाचा हिशेब दादा पै न् पै चोख ठेवतो, त्या मंडळाचा उत्सव ज्या सार्वजनिक रूपात होतो ते रूप १८९० च्या दशकातले आहे, आणि ढोल-ताशा पथके तर त्याहून किती तरी अलीकडची. म्हणून विसर्जनाच्या दिवशी दादाच्या डोळ्यांत येणारे पाणी कमी खरे असते का? त्याने याचे उत्तर दिलेले नाही.

तुम्हाला स्वतः हा दिवस पाळायचा असेल तर अवश्य पाळा, कोणाची परवानगी लागत नाही. मात्र महाराष्ट्रात इंग्लंडची नक्कल करू नये असे मला वाटते. सॉल्सबरीत त्या दिवशी साडेसोळा तास उजेड असतो, साताऱ्यात सव्वातेरा. शिवाय आपल्याकडे सूर्य मे महिन्यातच डोक्यावरून पुढे गेलेला असतो आणि २१ जूनला, ढग नसलेच तर, दुपारी तो किंचित उत्तरेकडे दिसतो. घरात पिवळ्या मेणबत्त्या लावण्यापेक्षा मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो, गच्चीवर काठी उभी करून पाहावा, त्यात पाहण्यासारखे खरोखर काही असते.

दोन गोष्टी राहिल्या. सगळेच नवे आहे असे समजू नये : २३ जूनच्या रात्री, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, शेकोट्या पेटवण्याची चाल युरोपात खरोखर जुनी आहे आणि मध्ययुगात तिची नोंद आहे, फक्त ती पाळणारे स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत. आणि स्टोनहेंजला त्या रात्री येणाऱ्यांत पेगन थोडे, हौशे-गवशे फार. पुष्कळ पेगन त्या गर्दीला कंटाळून आपल्या परसातच बसतात. यायचेच असेल तर सॉल्सबरी स्थानकावरून त्या रात्री खास बस सुटते. लोकरीचे मोजे विसरू नयेत, जून असला तरी पहाटे हाडे गारठतात.

ते दगड उभारणाऱ्यांसारखेच करायचे असा कोणाचा हट्ट असेल, तर त्याने डिसेंबरमध्ये यावे. जवळच्या डरिंग्टन वॉल्स येथील वस्तीत डुकरांची जी हाडे सापडली त्यांवरून मोठ्या मेजवान्या हिवाळ्यात होत असाव्यात असे पुरातत्त्वज्ञ मानतात, आणि दगडांचा जो अक्ष जूनच्या सूर्योदयाकडे जातो तोच उलट बाजूने डिसेंबरच्या सूर्यास्ताकडे जातो. त्या दिवशी सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. गंमत अशी की हिवाळ्यातही दगडांत मोफत प्रवेश देतात तो सकाळी, सूर्योदयाला. हे मी दादाला अजून कळवलेले नाही.