आईची पाटली आणि कानाचं मशीन

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची. दिवाळीपासून घोडबंदर रोडवरच्या एका वृद्ध निवासात आहे. आधी तिचं कानाचं मशीन हरवलं, आता सोन्याची एक पाटली सापडत नाही. 'मावशीनेच घेतली' म्हणते, पण रोज वेगळ्या मावशीचं नाव घेते. ऑफिसात विचारलं तर प्रवेशाच्या फॉर्मवरची ओळ दाखवली, 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी संस्थेची नाही.' भाऊ म्हणतो, तिच्या अंगावरचं सगळं काढून घरी आण. काय करू?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, भावाला आधी थांबवा. ठाण्यातल्या वृद्ध निवासांत मी बरीच वर्षं मेट्रन होते. घर सुटलेल्या बाईच्या हातातली पाटलीही न विचारता काढून घेतली, की ती जेवणसुद्धा नीट करत नाही, हे मी पाहिलंय.

पहिल्यांदा खोली शोधा, तीही आईला बरोबर घेऊन. 'तूच कुठेतरी ठेवली असशील' असं म्हणू नका. 'चल, दोघी मिळून बघू' म्हणा. उशीचा अभ्रा, साड्यांच्या घड्या, कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, पावडरचा डबा, देवाच्या फोटोमागे. रोज नवं नाव घेणं आणि वस्तू लपवून विसरणं हे स्मृतिभ्रंशाचं लक्षण असू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवा. पण आई विसरते म्हणजे चोरी झालीच नाही, असंही धरून चालू नका. विसरणाऱ्या माणसाचीच वस्तू उचलणं सगळ्यात सोपं असतं.

कानाच्या मशीनचं मला जास्त वाईट वाटतं. पाटलीवाचून माणसाचं चालतं. ऐकू येईना झालं की ते चार माणसांत बसायचंच सोडतं. मशीन बहुतेक वेळा चोरीला जात नाही, जेवणाच्या ताटाबरोबर जातं. जेवताना आवाज त्रास देतो म्हणून आजी ते काढतात, कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात आणि ताट उचलणारी मावशी रुमाल कचऱ्यात टाकते. कवळीचंही तेच. नवं मशीन घेताना कपड्याला अडकवायची क्लिपवाली दोरी मागा आणि मशीनवरचा सीरियल नंबर लिहून ठेवा. रात्री ठेवायला एकच डबी, एकच जागा. कवळीवर नाव घालून देतात, दाताच्या डॉक्टरांना विचारा. साड्या लाँड्रीत बदलतात, त्यासाठी फॉलच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने आद्याक्षर घाला.

आता कागद. आईच्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, यादी करा, त्यावर व्यवस्थापकांची सही आणि शिक्का घ्या. दागिना ऑफिसात ठेवायला दिलात तर पावती हवीच आणि पावतीवर वजन हवं. नुसतं 'पिवळ्या धातूची पाटली, १ नग' लिहिलेली पावती घेऊ नका. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तोही लिहून घ्या.

फॉर्मवरच्या त्या ओळीने खचू नका. ताब्यात घेतलेली वस्तू स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलच्या पार्किंगमधून गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सांगितलं, की 'मालकाच्या जोखमीवर' असं छापून स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येत नाही. मात्र हे ताब्यात दिलेल्या वस्तूचं झालं. खोलीत राहिलेल्या वस्तूबद्दल संस्थेचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, म्हणून तर यादीचा आग्रह. तुम्ही पैसे मोजून सेवा घेताय, तेव्हा ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे.

शोधूनही पाटली मिळाली नाही तर संस्थेला लेखी कळवा, पोच घ्या आणि पोलिसांत जा. त्यासाठी ठाणे शहरापर्यंत धावायला नको; नेरूळच्या पोलीस ठाण्यातही झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची तक्रार, नोंदवता येतो. तक्रारीत एकाच मावशीचं नाव संशयावर लिहू नका. हातावर पोट असलेल्या बाईची नोकरी जाते, आणि पाटली आठवड्याने अभ्र्यात सापडते.

उरलेल्या दागिन्यांचं आईलाच विचारा. ती हो म्हणाली तर ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि हातात एक ग्रॅमच्या पाटल्या घाला. नको म्हणाली तर एक पाटली राहू द्या, यादीत नोंदवून.

प्रश्न : बाबांचं एटीएम कार्ड आणि पिन सोयीसाठी संस्थेच्या व्यवस्थापकांकडे दिलंय. चालेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. आजच पिन बदला. पिन आपणच दिल्यावर झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, आपल्याच माथी येतं. महिन्याची रक्कम संस्थेच्या खात्यात चेकने किंवा ऑनलाइन भरा, वरखर्चाला थोडी रोकड बाबांच्या हाती द्या आणि बँकेचे मेसेज घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर येतील असं पाहा. कुणी दबाव आणत असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हा नंबर बाबांना मोठ्या अक्षरांत लिहून द्या.