बारा महिने की नऊ? परदेशातल्या मुक्कामाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं जोडपं, वय 38 आणि 36, मूल नाही. दोघंही नोकरी सोडून वर्षभर व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियात स्वस्तात राहणार आहेत. शिल्लक 18 लाख. त्यातले 4.80 लाख तिकिटं, व्हिसा, विमा आणि अडीअडचणीला बाजूला ठेवून उरलेल्या 13.20 लाखांचे महिन्याला 1.10 लाख त्यांनी धरलेत. फ्लॅट भाड्याने जाईल. ‘एवढ्यात भागेल का, आणि एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी गुंतवणूक) चालू ठेवावी का?’

भागेल, पण नऊ महिने. बारा महिन्यांना हे पैसे पुरत नाहीत, कारण तुमच्या कागदावर पुण्याचा खर्च आलेलाच नाही. गृहकर्जाचा हप्ता 31,000, सोसायटीचा मेंटेनन्स 4,000, मेडिक्लेम आणि टर्म इन्शुरन्स मिळून महिन्याचे 5,000. भाडं येणार 24,000. म्हणजे दरमहा 16,000 खिशातून जाणार, आणि भाडेकरू मिळेपर्यंत एक महिना फ्लॅट रिकामा धरा. वर्षाचे झाले 2.16 लाख. शिवाय परतल्यावर पगार पहिल्याच महिन्यात सुरू होत नाही. हप्ता धरून महिना 80,000 प्रमाणे चार महिन्यांचे 3.20 लाख हवेत, आणि ते निघण्याआधीच एफडीत टाका. तिकिटं, व्हिसा, विम्याला 1.60 लाख आणि अडचणीला 1.50 लाख पुरतील असं धरलं, तरी बारा महिन्यांसाठी उरतात 9.54 लाख, म्हणजे महिन्याला 79,500. नऊच महिने गेलात तर घरचा खर्च 1.68 लाखांवर येतो, तिकिटं-विमा 1.45 लाखांत बसतं आणि महिन्याला 1.13 लाख मिळतात. तुमचा 1.10 लाखांचा आकडा इथे बरोबर बसतो.

79,500 मध्ये राहताच येणार नाही असं नाही. व्हिएतनाममधल्या दा नांग शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या चलनात 1 लाख डोंग म्हणजे साधारण 350 रुपये धरू. महिन्याच्या करारावर स्टुडिओ खोली 75 लाख डोंग, वीज-पाणी 12 लाख, दोघांचं खाणं रोज 3 लाख म्हणजे 90 लाख, ग्रॅब (अ‍ॅपवरची टॅक्सी) आणि बस 18 लाख, सिमकार्ड, धुलाई, औषधं 10 लाख. एकूण 205 लाख डोंग, 71,750 रुपये. हातात पावणेआठ हजार राहिले. आता एकदा गाव बदला: दोघांची विमानतिकिटं, चेक-इन बॅगचे वेगळे पैसे, खोली मिळेपर्यंत दोन-तीन रात्री हॉटेल. 25 ते 30 हजार सहज जातात. अशा प्रवासात बजेट मोडतं ते बहुतेक वेळा गावं बदलण्यानेच. म्हणून नऊ महिन्यांत चारच मुक्काम ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन महिने राहा. व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो, एकदा प्रवेशाचे 25 डॉलर. पहिला लांब मुक्काम तिथेच करा. बाकी देशांच्या मुदती बदलत असतात, त्या तिकीट काढण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा. थायलंडमध्ये मुदत उलटली तर रोज 500 बाट दंड आहे.

खोली ऑनलाइन फक्त पहिल्या चार-पाच रात्रींपुरती घ्या. बाकी समोर जाऊन बघा आणि महिन्याचा दर ठरवा. विजेचा दर आधी विचारा. घरमालक बहुधा स्वतःचा दर लावतात, व्हिएतनाममध्ये युनिटला 3,500 ते 4,000 डोंग सर्रास. रात्रभराच्या एसीला 8 युनिट धरले तर 4,000 च्या दराने महिन्याचे 9.6 लाख डोंग, म्हणजे 3,360 रुपये फक्त एसीचे. पहिल्याच दिवशी मीटरच्या आकड्यांचा आणि भिंतीवरच्या डागांचा फोटो काढून मालकाला पाठवा, डिपॉझिट त्याच्यावरच परत मिळतं. थायलंडच्या चियांग माईत मार्चमध्ये खोल्या स्वस्त दिसतील, पण तेव्हा तिथे शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो. दमा असेल तर जाऊच नका.

पैसे नेताना दोन कार्डं वेगवेगळ्या बँकांची असू द्या, त्यातलं एक फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा टक्केवारी) नसलेलं डेबिट कार्ड. साध्या कार्डावर 2 ते 3.5 टक्के मार्कअप आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड डोंगसाठी वापरलं तर चलन बदलण्याचं शुल्क वेगळं पडू शकतं. थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी 220 बाट किंवा जास्त जातात: 5,000 बाट काढले तर 4.4 टक्के, 20,000 काढले तर 1.1 टक्के. म्हणून महिन्यातून दोनदाच काढा. मशीन ‘रुपयांत आकारू का’ विचारेल, तिथे नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. व्हिएतनाममध्ये 20,000 आणि 5,00,000 च्या दोन्ही नोटा निळसर आहेत. 70 रुपयांच्या जागी 1,750 रुपये दिले जातात, मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. भारतातून रक्कम दोघांच्या नावाने अर्धी-अर्धी न्या. आर्थिक वर्षात एका पॅनवर 10 लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (बँक आधीच घेते तो कर) कापला जातो. तो कर भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

स्कूटर भाड्याने घेण्याचा मोह आवरा. आपलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट 1949 च्या वाहतूक कराराखालचं, व्हिएतनाम 1968 चा करार मानतो, म्हणून ते तिथे चालत नाही. वैध परवाना नसताना अपघात झाला की प्रवास विमा क्लेम नाकारतो, आणि हाड मोडल्याचं बिल तुमचे सगळे 1.50 लाख खाऊन टाकेल.

एसआयपी थांबवा. पगार नसताना ती चालू ठेवणं म्हणजे उद्या लागणारेच पैसे बाजाराच्या चढउतारात टाकणं. जुनी युनिट्स मात्र विकू नका. ‘तिकडून थोडं ऑनलाइन काम करू’ असंही तुम्ही लिहिलंय. पर्यटक व्हिसावर काम करायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते, ते उत्पन्न हिशोबात धरू नका.

निघण्याआधी मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख पाहा. ती मधेच येत असेल तर हप्ता आगाऊ भरा, कारण खंड पडला तर प्रतीक्षाकाळ (काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ) पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. बँकेला जोडलेल्या सिमवर रोमिंग इथेच सुरू करून घ्या आणि रिचार्ज नऊ महिने संपणार नाही असं बघा. ओटीपी आला नाही, तर खात्यात पैसे असूनही भाडं देता येणार नाही.