सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, मग जायचं कधी?

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकचे. डिसेंबरात सोमवार-मंगळवार सुट्टी टाकलीय, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा बेत आहे. सोबत सासूबाई आहेत, वय 71, गुडघे दुखतात. जमेल का?

उत्तर: अहो, बरं झालं आधी विचारलंत! सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ, म्हणजे तुमच्या बेताप्रमाणे दोन्ही दिवस गेटवरूनच परत फिरावं लागलं असतं. नुसती अदलाबदल करा, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. मुक्काम संभाजीनगरला, तिथून वेरूळ साधारण 30 किमी आणि अजिंठा 100 किमी, त्यामुळे मंगळवारी पहाटेच निघा.

वेरूळला 34 लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट सासूबाईंसोबत नको. कैलास मंदिर म्हणजे 16 नंबरचं लेणं, तिथेच निवांत दोन तास द्या. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे म्हणून दुपार कलल्यावर ऊन समोरून पडतं, तेव्हा बघा. आत गेल्यावर उजव्या हाताच्या बाजूला कैलास पर्वत हलवणारा रावण आहे, वीस हातांचा, अख्ख्या देवळाचा भार अंगावर घेतल्यासारखा, आणि वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी हे सगळं डोंगर वरून खाली कोरत आणलंय, एक घाव चुकला तर जोडायला दुसरा दगड नाही, मला तर दरवेळी तिथे उभं राहून भरून येतं.

अजिंठ्याला गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवावी लागते, पुढचे चारेक किमी शटल बस. मग पायऱ्या आहेत, पण डोली मिळते, चौघंजण खुर्ची उचलून नेतात, दर आधी ठरवून घ्या आणि सासूबाईंना संकोच करू देऊ नका. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढायच्या म्हणून सहज निघणाऱ्या घाला, आणि फ्लॅश अजिबात मारू नका, चित्रांना त्रास होतो.

1 नंबरच्या लेण्यात शिरल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही, लोक लगेच बाहेर पडतात. तुम्ही थांबा. डोळे सरावले की गाभाऱ्याच्या डावीकडे भिंतीवरच्या चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू उमटतो, झुकलेली नजर, हातात निळं कमळ. आणि दमलात तरी 26 नंबर सोडू नका, तिथला महापरिनिर्वाणातला पहुडलेला बुद्ध साधारण 7 मीटर लांब आहे, सासूबाईंना त्याच्या उशाशी नेऊन उभं करा.