क्लबातील पहिले वर्ष : नव्या सदस्यासाठी सल्ला

आपण इंदूरच्या सेवा क्लबात दाखल होताच रक्तदान, नेत्रतपासणी आणि वृक्षारोपण अशा तिन्ही समित्यांत नाव देऊ इच्छिता, हे वाचून आनंद झाला. तरीही पहिल्या वर्षी एकच समिती निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. रोटरी आणि लायन्स या सेवासंस्थांचे वर्ष १ जुलैला सुरू होते व पदाधिकारीही तेव्हाच बदलतात, त्यामुळे आपल्या क्लबातही तसे असल्यास कामे जूनअखेरपर्यंतचीच अंगावर घ्यावीत.

माझे मत विचाराल तर रक्तदानापासून आरंभ करावा. नोंदणीच्या टेबलावर बसण्यापूर्वी एवढे पाठ असू द्यावे :

- वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर.
- दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ३ महिने, स्त्रियांसाठी ४ महिने अंतर.
- दाता उपाशीपोटी नसावा.

अपात्र ठरलेल्या दात्याला बाजूला नेऊन कारण सौम्यपणे सांगावे. चारचौघांत नाकारलेला माणूस बहुधा पुन्हा येत नाही.

नवे सदस्य हमखास चुकतात ते शिबिर संपल्यावर. उदाहरणार्थ, नेत्रशिबिरानंतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजींच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालणारे कोणी घरी आहे का, फेरतपासणीला त्यांना कोण आणणार, हे विचारणारा सदस्य मला छायाचित्रात पुढे उभ्या राहणाऱ्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय काढूच नये. खर्चाची पावती त्याच दिवशी कोषाध्यक्षांकडे द्यावी. निधिसंकलन आणि प्रकल्प-प्रस्ताव यांचा विचार सध्या करू नये. पुढील सभेला मात्र अवश्य यावे.